स्थलांतराच्या आफ्रिकी कथा : सुरुवात कुठून करशील?

पुरस्कारांची यादी घेऊन बसू नकोस. मी तेच केलं होतं, आणि चार कथांत दमले.

आधी नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांचा २००९चा ‘द थिंग अराउंड युअर नेक’ हा संग्रह घे. त्यातही शीर्षककथा नंतर. आधी ‘द अरेंजर्स ऑफ मॅरेज’. लग्न ठरवून न्यूयॉर्कला आणलेली नायजेरियन मुलगी, आणि ओफोडिलेचा ‘डेव्ह’ झालेला डॉक्टर नवरा. तो तिला बिस्किटाला कुकी म्हणायला शिकवतो. ती नारळीभात करते, तर वास शेजाऱ्यांना गेला म्हणून दुसऱ्या दिवशी अमेरिकी पाककृतींचं जाडजूड पुस्तक घरी येतं! हे आपल्याला सांगावं लागत नाही. फोडणी देताना खिडक्या उघडणाऱ्या मावश्या न्यू जर्सीतही आहेत. पण साम्य दिसलं म्हणून तिथेच थांबू नकोस. त्याच संग्रहातल्या ‘द अमेरिकन एम्बसी’मध्ये लागोसला व्हिसाच्या रांगेत उभी बाई आहे. तिच्या पत्रकार नवऱ्याला शोधत आलेल्यांनी तिचं मूल मारलंय. तो धागा नायजेरियाच्या लष्करी राजवटीतून येतो. त्यामुळे कथा वाचण्याआधी तिथला लष्करशहा सानी अबाचाबद्दल दहा मिनिटं वाचलंस तर बरं.

मग सुदानी लेखिका लैला अबुलेला यांची ‘द म्युझियम’ ही कथा. आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेला मिळणारा केन पुरस्कार, २०००चा पहिलावहिला, हिलाच मिळाला. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला शिकणारी सुदानी शादिया संग्रहालयात काचेमागची आफ्रिका बघते आणि तिला त्यात आपलं काहीच सापडत नाही. तो प्रसंग दोनदा वाच.

आणि हो, अडिचींच्या कथांत इग्बो (नायजेरियातली एक भाषा) शब्द अडला की लगेच अर्थ शोधू नकोस. पुढे जा.