शाळेचं कोरं पान

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या (माण तालुका, सातारा) जिल्हा परिषद शाळेत ६४ मुलं आहेत. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. परवा पोराला सोडायला गेले, तर गुरुजींनी दारातच प्रोसिडिंग बुक (समितीच्या बैठकीतले ठराव लिहायची वही) पुढं केलं, "ताई, इथं एक सही." वर ठरावच लिहिलेला नव्हता. मी सही केली नाही, तेव्हापासून गावात मी भांडखोर! माझं चुकलं का?

उत्तर : अजिबात नाही, ताई. केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी) असताना अशी कोरी पानं मी पुष्कळ पाहिली. खरं सांगायचं तर एखाददुसऱ्याकडं डोळेझाकही केली. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान धरलेलं असतं, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. हप्ता उशिरा आला की गुरुजी पदरचे घालतात आणि मार्चअखेर पावत्या जुळवत बसतात. त्यांची ही अडचण खोटी नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं काम समितीलाच दिलंय, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या महिला. तेव्हा पुढच्या बैठकीत कॅशबुक आणि पावत्या मागा. ठराव मोठ्यानं वाचायला लावा, मगच सही. सहीच्या वर मोकळी जागा उरली, तर तिथं तिरकी रेघ ओढा. पेन मात्र स्वतःचं न्या.