पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून टेबल एक्सपोर्ट होतो, पण नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट करताना कधी #१०५०, कधी #१०६२ एरर येतो. डेटा नीट कसा हलवायचा?

पीएचपीमायअ‍ॅडमिन म्हणजे ब्राउझरमधून मायएसक्यूएल डेटाबेस हाताळायचं साधन. त्यात इम्पोर्ट अडला की बहुतेक जण इम्पोर्टच्याच पानावर सेटिंग बदलून बघतात. पण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही एररचं (#१०५० म्हणजे टेबल आधीच आहे, #१०६२ म्हणजे तीच की पुन्हा आली) मूळ एक्सपोर्टमध्ये आहे, म्हणून आधी जुन्या सर्व्हरवर परत जा.

डावीकडे डेटाबेस उघडून हव्या त्या टेबलवर क्लिक करा आणि मग वरच्या 'एक्सपोर्ट' टॅबवर या. काहीही न निवडता सर्व्हरच्या मुख्य पानावरून एक्सपोर्ट केलं, तर फाइलमध्ये डेटाबेस तयार करण्याची आज्ञाही येते. शेअर्ड होस्टिंगवर तो अधिकार सहसा नसतो आणि #१०४४ मिळतो. पद्धत 'क्विक' न ठेवता 'कस्टम' करा, फॉरमॅट एसक्यूएल.

आता एकच गोष्ट ठरवायची: नव्या सर्व्हरवर तो टेबल आधीपासून आहे का? नसेल तर 'स्ट्रक्चर अँड डेटा'. असेल आणि त्यातलं सगळं टाकून द्यायचं असेल, तर 'अ‍ॅड ड्रॉप टेबल'वर टिक करा, म्हणजे #१०५० येणार नाही. मात्र तिथला जुना डेटा कायमचा जातो, त्यामुळे आधी त्याचाही बॅकअप घ्या. टेबल आहे आणि त्यात फक्त भर घालायची आहे, तर नुसता 'डेटा'.

भर घालताना प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, बहुधा आयडी) आधीच्या ओळीशी जुळली की #१०६२ येतो. यावर दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्ही जपून वापरायला हवेत. 'इन्सर्ट इग्नोर' केलं की जुळणाऱ्या ओळी गाळल्या जातात, पण त्याबरोबर इतरही काही चुका नुसत्या वॉर्निंग होऊन जातात. कॉलमात न मावणारा मजकूर गुपचूप कापला जाऊ शकतो. 'रिप्लेस' निवडलं तर जुनी ओळ बदलत नाही, ती डिलीट होऊन नवी घातली जाते. दुसऱ्या टेबलची फॉरेन की (एका टेबलची ओळ दुसऱ्या टेबलच्या ओळीशी जोडणारा कॉलम) त्या ओळीवर 'ऑन डिलीट कॅस्केड'ने बांधलेली असेल, तर तिथल्या ओळीही उडतात. फॉरेन की असलेल्या टेबलवर मी 'रिप्लेस' वापरायला सांगणार नाही. आयडी तेच राहण्याची गरज नसेल, तर एसक्यूएल टॅबमध्ये आयडी सोडून बाकीच्या कॉलमांची सिलेक्ट क्वेरी चालवा आणि निकालाच्या खाली असलेल्या 'एक्सपोर्ट'ने फाइल घ्या. नवे आयडी ऑटो इन्क्रिमेंट देईल.

फाइल हातात आली की ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शेवट बघा. सर्वांत वर आज्ञांची सुरुवात, मग टेबलची रचना, मग इन्सर्टच्या ओळी आणि तळाशी 'कमिट' असायला हवं. ते नसेल तर बहुधा सर्व्हरची वेळमर्यादा संपून फाइल मध्येच तुटली आहे. प्रायमरी की आणि ऑटो इन्क्रिमेंट लावणाऱ्या 'ऑल्टर टेबल'च्या आज्ञाही साधारणपणे इन्सर्टनंतर, तळाशीच असतात. म्हणजे इम्पोर्ट अर्ध्यात थांबला तर नव्या सर्व्हरवर प्रायमरी की नसलेला टेबल उरतो. अशा टेबलवर तीच फाइल 'क्रिएट टेबल' काढून पुन्हा चालवली की ओळी दुप्पट होतात, आणि एररही येत नाही! अर्धवट टेबल आधी ड्रॉप करा, मगच पुन्हा सुरुवात करा.

इम्पोर्टच्या पानावर फाइलची कमाल मर्यादा लिहिलेली असते. पीएचपीची मूळ सेटिंग तशीच असेल तर ती २ एमबी असते. पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये अपलोडची मर्यादा वाढवता येते, पण पोस्टची मर्यादाही (मूळची ८ एमबी) तिच्याहून मोठी ठेवावी लागते. त्याआधी एक्सपोर्टमध्येच 'जीझिप्ड' निवडून बघा, एसक्यूएलचा मजकूर चांगला आकसतो. वेळ संपून इम्पोर्ट थांबला आणि तीच फाइल पुन्हा द्या असा संदेश आला, तर तीच द्या, काम तिथून पुढे सुरू होतं. फाइल शेकडो एमबींची असेल तर मात्र ब्राउझरचा नाद सोडून कमांड लाइन वापरा.

#१२७३ आला तर कोलेशनचा (अक्षरांची तुलना करण्याच्या नियमांचा) प्रश्न आहे: मायएसक्यूएल ८चं मूळ कोलेशन 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' ५.७ला माहीत नाही. फाइलमध्ये ते नाव शोधून सगळीकडे 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' करा.

सीएसव्ही मी फक्त डेटा माणसांना बघायला द्यायचा असेल तेव्हाच घेईन. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की फोन नंबरच्या सुरुवातीचे शून्य जातात आणि लांब आकडे बिघडतात. कॉलमांची संख्या चुकीची असल्याचा एरर आला तर विभाजक (कॉलम वेगळे करणारं चिन्ह) तपासा, फाइलमध्ये स्वल्पविराम आणि पानावर अर्धविराम असं झालेलं असतं. फाइलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ हवा. मराठी मजकुराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर ती अक्षरं त्या टेबलमधून गेली. टेबलचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करून मूळ फाइलवरून पुन्हा आणा.

शेवटी दोन्हीकडे 'सिलेक्ट काउंट' चालवून ओळी मोजा. टेबलांच्या यादीत इनोडीबीच्या (मायएसक्यूएलमधला टेबल साठवण्याचा एक प्रकार) मोठ्या टेबलसमोर ~ चिन्हासह दिसणारा आकडा अंदाजे असतो, त्यावरून तुलना करू नका.