पाट्या ओळखीच्या, तरी चौकात घोटाळा

प्रश्न : उन्हाळ्यात लेकीकडे श्टुटगार्टला जातोय. गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय. जावई म्हणतात, ‘बाबा, आधी तिथल्या पाट्या शिका.’ पण पाट्यांवर तर चित्रंच असतात, आणि ती सगळीकडे सारखीच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, जावयांचं ऐका. मी म्युनिकला राहते आणि इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींकडून परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी करून घेते. भारत आणि जर्मनी दोघेही रस्त्यावरच्या पाट्या-सिग्नलांविषयीच्या १९६८च्या व्हिएन्ना करारात आहेत, त्यामुळे लाल वर्तुळातला आकडा किंवा त्रिकोणातलं वळण तुम्ही लगेच ओळखाल. मला काळजी वाटते ती चित्रच नसलेल्या पाट्यांची.

इथे कोनावर उभा, पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन दिसेल. याचा अर्थ, या रस्त्यावर पुढे येणाऱ्या प्रत्येक चौकात आधी जाण्याचा हक्क तुमचा. अमेरिकेत गाडी शिकलेले त्याला धोक्याची सूचना समजतात, कारण तिकडे तशा पिवळ्या चौकोनात इशारेच असतात. ते वेग कमी करतात, त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. त्याच चौकोनावर तिरक्या काळ्या रेघा आल्या की हक्क संपला. मग ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो अरुंद गल्लीतून येवो की सायकलवरून. तुमचा रस्ता रुंद आहे, याला इथे काही किंमत नाही. सायकलवाला तुमच्याकडे बघेलच असं नाही. तुम्ही थांबणार हे तो धरूनच चालतो. ताशी ३० किलोमीटरच्या वस्त्यांत असे चौक पावलोपावली. आपल्याकडे १९८९च्या वाहतूक नियमावलीतही उजवीकडच्याला वाट द्या असंच होतं, पण आपण चौकात हॉर्न आणि नजरानजर यांवर निभावत आलो. ती सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे मी दरवेळी पाहते.

लाल कडेचं रिकामं पांढरं वर्तुळ म्हणजे कुठल्याच वाहनाला प्रवेश नाही. आत काही नाही म्हणून पुष्कळजण सरळ आत शिरतात.

पहिले काही दिवस लेकीच्या घराभोवतीचे चौक पायी फिरा आणि प्रत्येक ठिकाणी जावयांना विचारा, इथे आधी कोण? मगच गाडी घ्या, तीही त्यांना शेजारी बसवून. आणि भारतातला मूळ परवाना जवळ ठेवा. नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही.