ट्रेलरसाठी राखीव म्हणून जुनी पिकअप: पैसा कुठे घालायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रोजची टर्बो इंजिनची हाफ-टन (हलक्या वर्गातली) पिकअप सहा आठवडे गॅरेजात अडकली, जुलैचं कॅम्पिंगचं आरक्षण बुडालं आणि ट्रेलर दारात उभा राहिला. म्हणून पंधरा-वीस वर्षं जुनी पिकअप घेऊन ती राखीव म्हणून तयार करायची आहे. ट्रेलर २४ फुटी, त्याचं कमाल वजन ७,००० पौंड, आणि तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. इंजिनची ताकद आधी वाढवायची की गाडी उचलून मोठे टायर घालायचे, असं तुम्ही विचारलं आहे.

या दोन्हींपैकी काहीच करू नका. माझ्याकडे नऊ वर्षांपासून अशी राखीव गाडी आहे, २००४ ची शेव्हरले सिल्व्हरॅडो २५०० एचडी, सहा लिटरचं पेट्रोल इंजिन. त्या अनुभवावरून सांगतो. राखीव गाडीचं काम दोन गोष्टींत येतं: ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ती सुरू झाली पाहिजे, आणि मागे सात हजार पौंड ढकलत असताना ती थांबली पाहिजे. ओढायची ताकद कंपनीने दिलेली असते, ती वयामुळे फारशी कमी होत नाही. वय खातं ते रबराला, ब्रेकच्या नळ्यांना, तेलांना आणि वायरिंगला. पैसा तिथे जायला हवा.

आधी कुठली गाडी घ्यायची ते बोलू. हाफ-टन म्हणजे सिल्व्हरॅडो १५०० घेऊ नका. कागदावर तीही तुमचा ट्रेलर ओढते, पण त्या काळातल्या १५०० मध्ये बहुतेक ४एल६०-ई हा चार गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स असतो, आणि सतत जड ओझं आणि घाट हे त्याचं काम नव्हे. २५०० एचडीच्या सहा लिटर इंजिनामागे ४एल८०-ई येतो. तो जुन्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० या गियरबॉक्सच्या घराण्यातला, चारच गियर, पण दणकट. मागचा ॲक्सलही जाड, पाटे जास्त आणि ब्रेक मोठे. त्याच वर्षांची फोर्ड एफ-२५० किंवा डॉज रॅम २५०० मिळाली तरी हरकत नाही, माझा हट्ट एवढाच की गाडी तीन-चतुर्थांश टनाची, म्हणजे या वरच्या वर्गातली हवी. डिझेलच्या मोहात पडू नका. वर्षातले दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला महागडे इंजेक्टर आणि दोन-दोन बॅटऱ्या कशाला?

बघायला जाल तेव्हा सिल्व्हरॅडोचा ग्लोव्ह बॉक्स उघडा. आत एक स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड ओळीने छापलेले असतात. जीटी४ म्हणजे मागच्या ॲक्सलचं गियर गुणोत्तर ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. इंजिन तेच, गियरबॉक्स तोच, तरी या एका आकड्याने ४.१० वाली गाडी साधारण २,००० पौंड जास्त ओढते. झेड८२ दिसला तर ट्रेलरचं पॅकेज कंपनीतूनच आलेलं आहे. विकणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं. स्टिकर मात्र खोटं बोलत नाही.

मग चटई टाकून गाडीखाली झोपा. सोबत टॉर्च आणि एक जाड पेचकस घ्या. मागच्या चाकांपासून बंपरपर्यंतची चेसिस, हिच (ट्रेलर जोडायचा भाग) जिथे बोल्टने बसतो ती जागा आणि पाट्यांचे हँगर, सगळीकडे पेचकसाचं टोक जोर लावून टोचा. नुसता तपकिरी पापुद्रा निघाला तर चालेल. टोक आत गेलं तर उठा, हात झटका, आभार मानून निघा. मिशिगनहून आलेली एक गाडी मी अशीच सोडली होती. वरून रंग आरशासारखा होता आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या चेसिसवरून जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या बोटाने चोळल्यावर खपल्या पडत होत्या. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, तेही लोखंडाला लागतंच. म्हणून मी ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोची गाडी शोधा म्हणतो. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असतो, दारांची रबरं वाळलेली असतात, पण रबर बदलता येतं. सडलेली चेसिस बदलायला कुणी जात नाही.

थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडा. टिकटिक आवाज येऊन गरम झाल्यावर थांबला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा टोकाचा बोल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. या इंजिनांत हे नेहमीचं आहे. गाडी सोडायचं कारण नाही, किंमत पाडायचं मात्र आहे.

गाडी घेतली की पहिल्या महिन्यात तिला ट्रेलर लावायचा नाही. मी आधी काय केलं ते सांगतो.

टायर. बाजूच्या भिंतीवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३११५ असेल तर टायर २०१५ च्या ३१ व्या आठवड्यात बनला. माझ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती आणि टायर होते अकरा वर्षांचे. सगळे काढले, स्टेपनी धरून पाच. गाडीला एलटी २४५/७५ आर१६, लोड रेंज ई, म्हणजे जड ओझ्याचे ट्रकचे टायर लागतात. ८० पीएसआय हवेला असा एक टायर ३,०४२ पौंड पेलतो. प्रवासी गाडीचे टायर दिसायला तसेच आणि स्वस्त, पण त्यांची भिंत मऊ असते, ट्रेलर मागून डोलायला लागला की सगळी गाडी डोलते. मोठे टायर घालायचा विचार तर सोडूनच द्या. चाकाचा घेर वाढला की ४.१० चा गियर घालून मिळवलेलं तुम्ही परत घालवता, ब्रेकला जास्त काम पडतं, आणि गाडी उंच झाली की हिचची उंची जुळवताना नाकी नऊ येतात.

ब्रेक. नळ्या, रबरी होज, पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल, सगळं नवं घाला. यातल्या रबरी होजबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथे मी चुकलो होतो. होज बाहेरून बरे दिसले म्हणून मी ते ठेवले. नंतर गाडी आठ महिने उभी राहिली, तिला हात लावला नाही, आणि थेट ट्रेलर जोडून ब्युएना व्हिस्टाकडे निघालो. जॉन्सन व्हिलेजला पेट्रोल भरायला उतरलो तर जळकट वास. उजव्या पुढच्या चाकाजवळ तळहात नेला, अर्ध्या फुटावरून धग लागत होती. डाव्या चाकाला हात लावता येत होता. मला वाटलं कॅलिपरचा पिस्टन अडकला. तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक जॅकवर घेतलं, हाताने फिरवून बघितलं, हलेना. मग त्याने कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा नट अर्धा आटा सैल केला. ब्रेक ऑइलची एक बारीक चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं फिरलं. कॅलिपर ठीक होता. होज आतून फुगून बंद झाला होता, पाय दाबला की तेल पुढे जायचं, सोडला की मागे येत नव्हतं. तीस-चाळीस डॉलरची वस्तू. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पुढच्या उतारावर ते ऑइल उकळलं असतं आणि मुलं मागच्या सीटवर बसली होती. म्हणून होज बदला, दिसायला कितीही बरे असू देत.

ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर वेगळा लागतो. या वयाच्या गाड्यांत तो बहुधा कंपनीचा नसतो, डॅशखाली जोडणी तेवढी असते. प्रपोर्शनल प्रकारचाच घ्या, म्हणजे तुम्ही जितक्या जोरात थांबता तितक्या जोरात तो ट्रेलरचे ब्रेक लावतो. टेकोन्शा प्रॉडिजी पी३ माझ्याकडे आहे आणि मी त्यावर समाधानी आहे. एक गोष्ट बघा: सात पिनांच्या सॉकेटपर्यंत वायर आलेली असते, पण बॉनेटखाली फ्यूज बॉक्सजवळ तिचं दुसरं टोक बऱ्याचदा नुसतं गुंडाळून ठेवलेलं असतं. मागे दिवे लागतात, इंडिकेटर लागतो, आणि ट्रेलरच्या ब्रेकला वीजच जात नाही. मोकळ्या मैदानात ताशी २०-२५ मैलांनी चालवून कंट्रोलरची दांडी हाताने दाबून बघा. ट्रेलरने गाडीला मागून घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे, चाकं मात्र घसरायला नकोत.

बाकीचं भराभर. कूलंट, थर्मोस्टॅट, पाण्याचे होज आणि बेल्ट नवे. डिफरन्शियलचं तेल नवं. गियरबॉक्सचं तेल दोनदा बदला, मध्ये शंभरेक मैल चालवा, कारण पॅन सोडल्यावर निम्म्याच्या आसपास तेल गियरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि शॉक बघा. स्टिअरिंगसाठी बायकोला किंवा मित्राला आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खालून आर्म आणि टाय रॉड बघा. स्टिअरिंग हललं आणि चाक हललं नाही तर खेळ कुठे आहे ते लगेच दिसतं.

आता वजन. जुन्या गाड्यांच्या माहितीपत्रकातल्या ओढण्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. एसएई जे२८०७ ही ओढायची क्षमता मोजायची सामायिक चाचणी मोठ्या कंपन्यांनी लागू केली ती २०११ नंतर. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, अशी ती चाचणी आहे. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने आकडा काढत होता. शिवाय दाराच्या चौकटीवर किती माल भरता येईल हे सांगणारा पिवळा स्टिकर साधारण २००६ पासून आला, त्याआधीच्या गाडीवर तो नसेल. मग साधा हिशेब करायचा. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर कॅट स्केलचा वजनकाटा असतो. टाकी भरून, घरच्यांना बसवून गाडी तिथे न्यायची. माझ्या गाडीचं कमाल वजन ९,२०० पौंड, काट्यावर आम्ही चौघं आणि सामान धरून ६,६८० भरले. उरले २,५२०. तुमच्या ट्रेलरचं हिचवर येणारं वजन १३ टक्के धरलं तर ९१० पौंड. इथे हाफ-टनवाल्यांचा घाम निघतो, आपल्याकडे जागा उरते. तरीही वजन पुढच्या ॲक्सलवर वाटून देणारा हिच लावा, २४ फुटी ट्रेलरला वाऱ्यात तो लागतोच.

घाटाचं आधीच सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे माझ्या ३०० अश्वशक्तीच्या जेमतेम २०० उरतात. सिल्व्हरथॉर्नहून वर येताना मी उजव्या लेनमध्ये, दुसऱ्या गियरमध्ये, ताशी चाळीस मैलांच्या आतबाहेर चढतो. इंजिन ओरडतं. ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलंय. माझी नजर गियरबॉक्सच्या तापमानाच्या काट्यावर असते, २२० फॅरनहाइटच्या वर गेला की मी जागा बघून थांबतो. तुमच्या टर्बो गाडीची सवय असल्यामुळे पहिल्यांदा हे फार हळू वाटेल. राखीव गाडीकडून मला वेग नकोच आहे.

उतरताना मात्र या गाड्यांचा टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायचं बटण) तुमच्यासाठी गियर खाली टाकत नाही. नव्या गाडीत ब्रेकवर पाय टेकवला की ती स्वतः गियर उतरवते, तो आराम इथे नाही. माझे वडील खोपोली-खंडाळ्याच्या बोरघाटातून ट्रक चालवायचे. ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हे मी त्यांच्याकडून लहानपणी ऐकलं आणि बोगद्यापलीकडच्या जॉर्जटाउनच्या उतारावर दर वेळी पाळतो. माथ्यावरच गियर खाली घ्या, वेग धरून ठेवा, ब्रेक दाबून धरू नका, थोडा वेळ ठाम दाबून सोडा.

आणि आता ती गोष्ट जी बहुतेक लोक करत नाहीत. गाडी महिन्यातून एकदा तरी तासभर चालवा. घराभोवती दहा मिनिटं फिरवून भागत नाही, इंजिन आणि एक्झॉस्टमधलं पाणी उडून जाईपर्यंत चालवा. माझी गाडी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डेपोत लाकडं आणायला जाते, आणि वर्षातून दोनदा रोजची गाडी बरी असतानाही ट्रेलर तिच्याच मागे लावतो. त्यातच ट्रेलरचा एखादा दिवा, कंट्रोलरची सैल जोडणी सापडते. बॅटरीला सतत हलका चार्ज देणारं यंत्र लावून ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहणार असेल तर स्टॅबिलायझर घाला. हिवाळ्यात एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उंदरांना ती जागा फार आवडते. आमच्याकडे एका फेब्रुवारीत सीटचा कापूस काढून तिथे अख्खं घरटं बांधलेलं होतं.

खर्च? मी गाडी ९,५०० डॉलरला घेतली आणि पहिल्या वर्षात सुमारे ३,८०० डॉलर तिच्यात घातले, मजुरी बरीचशी माझी स्वतःची. विमा आणि नोंदणी दरवर्षीची वेगळी. तुम्ही वर्षातून दोनदाच ट्रेलर काढत असाल तर हा सौदा करू नका, मित्राची गाडी मागा किंवा ट्रेलर पोहोचवून देणारा माणूस ठरवा. भाड्याची साधी पिकअप घेण्याआधी करार नीट वाचा, बहुतेक ठिकाणी मागे काही ओढायला मनाई असते. पण तुम्ही लिहिलंत की मे ते ऑक्टोबर महिन्यातून दोनदा जाता. मग घ्याच.

गाडी शोधायला निघण्याआधी एक काम करा. येत्या शनिवारी तुमचा ट्रेलर नेहमीसारखा भरा, पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, खुर्च्या, मुलांच्या सायकली, सगळं, आणि कुणाच्या तरी गाडीला जोडून काट्यावर न्या. तो आकडा आणि एखादी गाडी पसंत पडली की तिच्या ग्लोव्ह बॉक्सच्या स्टिकरचा फोटो मला पाठवा, मग ती गाडी घ्यायची की नाही ते सांगतो.