भाकरी थापताना पण पट्टा पावलं मोजतो, मग खरं काय?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी परभणीची, वय ५२, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवून देते म्हणजे दिवसभर मशीनवर बसूनच. लेकानं पुण्याहून स्टेप मोजायचा मनगटावरचा पट्टा आणून दिलाय अन् रोज १०,००० झालेच पाहिजेत म्हणून फोनवर मागं लागायलाय. माझे कसेबसे तीन-साडेतीन हजार होतात. त्यात भाकरी थापताना आकडा वाढतो आणि दोन्ही हातात पिशव्या घेऊन बाजारातून चालत आले तर वाढतच नाही! शुगरची गोळी चालू आहे. हा पट्टा ठेवू का काढून टाकू?

उत्तर: ताई, काढू नका. आणि लेकाला सांगा, १०,००० हा आकडा काही डॉक्टरांनी बसून ठरवलेला नाही. १९६५ साली जपानच्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र ह्याच आकड्याच्या नावानं विकायला काढलं, आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेलं, आकडा गोल अन् लक्षात राहणारा, मग काय, चिकटला तो चिकटलाच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सत्तरीच्या आसपासच्या बायकांचा एक अभ्यास आला, त्यात २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढं फारसा फरक राहिला नाही. तुम्ही त्यांच्यापेक्षा लहान आहात, तरी १०,००० झाले नाहीत म्हणून दिवस वाया गेला असं मुळीच नाही.

आता भाकरीचं. पट्ट्याला पाय दिसत नाहीत हो, त्याला फक्त मनगटाचा झोका कळतो. थापताना मनगट तालात हलतं, तो म्हणतो चालली बाई. पिशव्या धरल्या की हात ताठ, तो म्हणतो बसलीय. मशीनचं पायडल मारताना पाय हलतात पण हात कापडावर, तेही त्याच्या हिशोबात नाही. एकदा मोकळ्या हातानं मनात १०० पावलं मोजत चाला अन् आकडा बघा, पाच-सातचा फरक आला तर चालतंय. तुमचा पट्टा रोज साधारण सारखाच चुकणार, म्हणून आजच्या आकड्याची तुलना तुमच्याच मागच्या आठवड्याशी करा, लेकाशी किंवा जावेशी नको.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, रात्री कॅलेंडरवर आकडा लिहा फक्त. मग सरासरी काढून त्यात ५०० वाढवा, जमलं की अजून ५००. बरं चालणं म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग, म्हणजे दहा मिनिटांत हजार झालेच. दोन्ही जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललात तर शुगरलाही बरं, कारण जेवल्यावर साखर चढते तेव्हाच पायाचे स्नायू ती वापरतात. दुपारी ऊन असेल तर घरातल्या घरात, ओसरीवर चाला, मे महिन्यात परभणीच्या उन्हात रस्त्यावर पावलं पूर्ण करायचा हट्ट नको. सकाळी लवकर कृषी विद्यापीठाकडं गेलात तर उत्तमच.

काही गोळ्यांनी चालल्यावर शुगर एकदम खाली येते, तुमची त्यातली आहे का ते तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, घाम-थरथर झाली तर थांबून साखर खा. छातीत दुखलं तर मात्र लगेच दवाखाना. अन् रबरी स्लिपरवर हे सगळं करू नका, नीट बसणारे बूट घ्या आणि रात्री तळपाय बघत जा, शुगरवाल्यांना कधीकधी फोड आलेला कळत नाही.