‘सगळं गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

“प्रोस्टेटच्या गोळीनं लघवी मोकळी झाली सर, पण बाकीचं सगळं गेलं.” समुपदेशनाला येणारे, साठी ओलांडलेले पुरुष हे वाक्य समोर बसून बोलत नाहीत. निरोप घेऊन दारापर्यंत जातात, तिथून मागे वळून बोलतात. गोव्यात म्हापसा असो की फोंडा, दारातलं हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मीच आधी विचारतो.

ओळख पटू नये म्हणून अनेकांचा मिळून हा एक अनुभव. निवृत्त मास्तर, वय 64, गावच्या भजनात पेटीवर. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यानं ऐन गजरात लघवीसाठी पेटी सोडून उठावं लागायचं. सिलोडोसिन 8 मिलिग्रॅम सुरू झालं आणि पंधरवड्यात ते अख्खं भजन बसून वाजवू लागले. पण दोन महिन्यांनी त्यांचं अंथरूण सोप्यावर, म्हणजे ओसरीवर गेलं. औषधाचं पाकीट आणायला सांगितलं होतं. तारखेच्या हिशेबानं संपायला हवं होतं, आत चार कॅप्सूल शिल्लक. आठवड्यातून दोन-तीन दिवस ते गुपचूप बंद ठेवत होते. हे धोक्याचं: लघवी अचानक तुंबली तर नळी घालायची वेळ येते.

“इच्छा होते?”
“होते.”
“ताठरता?”
“येते, पूर्वीसारखी नाही, पण येते.”
“शेवटचा आनंद?”
बराच वेळ गप्प. “येतो. पण बाहेर काहीच येत नाही. धातू आत साठून विष होणार नाही ना?”

म्हणजे गेलं होतं ते वीर्य, एका वेळचं दीड ते पाच मिलिलिटर. चहाचा एक चमचाही जेमतेम भरायचा. शरीरातलं ‘सगळं’ शाबूत होतं. चमचाभर द्रवाला पुरुषपण चिकटवलं होतं. माझ्या मते समुपदेशनाच्या या कामाचं अर्धं यश असे चिकटलेले अर्थ सोडवण्यात आहे.

सिलोडोसिन, टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, म्हणून लघवी सुटते. वीर्य पुढे ढकलणारे स्नायूही त्यानंच सैलावतात. मग वीर्य येतच नाही, किंवा थोडं मूत्राशयात जाऊन पुढच्या लघवीतून निघून जातं. साठत नाही, विष होत नाही. अमेरिकेतल्या चाचण्यांत सिलोडोसिन घेणाऱ्या सुमारे 28 टक्के पुरुषांत हे दिसलं. औषध थांबलं की बहुधा काही दिवसांत पूर्ववत होतं.

प्रोस्टेटसाठीच दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड 5 किंवा ड्युटास्टेराइड 0.5 मिलिग्रॅमचं गणित वेगळं. ती हार्मोनवर चालतात, ग्रंथी आकसायला सहा महिने लागतात. त्यांनी इच्छा आणि ताठरता दोन्ही कमी होऊ शकतात, आणि काहींना औषध सोडल्यावरही हा त्रास राहतो. कधी एकाच कॅप्सूलमध्ये दोन्ही प्रकारची औषधं असतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच. फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइड पीएसएचा (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा) आकडा जवळपास निम्म्यावर आणतात; तपासणीआधी डॉक्टरांना सांगायला हवं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सिलोडोसिन-टॅम्सुलोसिनबद्दल नेत्रतज्ज्ञालाही सांगा, आधीच बंद केलेलं असलं तरी. आणि ताठरतेचा दोष लगेच गोळीला देऊ नका. मधुमेह, रक्तदाबही तेच करतात.

पुढच्या भेटीला मास्तरांच्या पत्नी, बाईही आल्या. “मला वाटलं ह्यांचं माझ्यावरचं मन उडालं,” म्हणाल्या. मास्तर चमकले. सोप्यावर झोपण्याचा हा अर्थ त्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

मग दोघांनी कागदावर लिहिलं: औषध कधी सुरू झालं, काय बदललं, कधीपासून, मध्ये किती दिवस चुकलं. तो कागद मूत्रविकारतज्ज्ञांसमोर ठेवला. पर्याय दोन होते. अल्फुझोसिन 10 मिलिग्रॅम, जेवणानंतर. वीर्यावर त्याचा परिणाम बराच कमी. किंवा रोज टाडालाफिल 5 मिलिग्रॅम, लघवी आणि ताठरता दोन्हीसाठी. पण मास्तरांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी होती. त्या नायट्रेटसोबत टाडालाफिल घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो, म्हणून तो पर्याय तिथेच मिटला.

अल्फुझोसिनवर मास्तरांना रात्री एकदा जास्त उठावं लागतं. बाई म्हणतात, “उठू देत की. अंथरूण आत आलंय.”