रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय फेलो (सदस्य) आर्देशीर करसेटजी वाडिया यांनी नेमका कोणता शोध लावला? (कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी माहिती हवी आहे)

माझ्या मते एकही नाही. भित्तिपत्रकावरची ‘शोध’ ही चौकट कोरी ठेवा. पण तेवढ्यावरून ‘इंग्रजांची यंत्रं आणून इथे जोडली, त्यात काय मोठं?’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा वाद जुना आहे.

जोडणंच बघू. १८३४ साली, पंचविशीत, या माणसाने माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या आल्या १८६५ मध्ये. गॅस घरीच करावा लागे. तेव्हाची रीत अशी: दगडी कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता, लालबुंद तापवायचा. निघालेला गॅस थंड नळ्यांतून नेला की डांबर खाली बसतं. मग तो चुन्यातून काढायचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास जातो. शेवटी पाण्याच्या हौदात उपड्या घातलेल्या लोखंडी टाकीत साठवायचा. टाकी गॅस भरेल तशी वर उचलली जाते आणि तिच्याच वजनाने दिव्यांना दाब मिळतो. चुना बदलायला उशीर झाला तर घरातली चांदी काळी पडते. डांबर नीट बसलं नाही तर नळ्या तुंबतात. टाकीतली आधीची हवा पुरती बाहेर काढली नाही तर स्फोट. त्यात मुंबईच्या उकाड्यात नळ्या थंड राखायच्या. हे सगळं ‘नुसतं जोडणं’!

आता घराण्याचं. वाडिया जहाजं बांधणारे. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून घराण्याचं सगळं वैभव सागाच्या जहाजांवर उभं. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल ते राखतं. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागाचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. अशा घरातला पोरगा वाफेच्या मागे लागला. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाच्या छोट्या जहाजात त्याने इंग्लंडहून मागवलेलं दहा अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. १८३९ मध्ये तांबड्या समुद्राच्या वाटेने थेट इंग्लंड गाठलं. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचं, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचं, मुख्य अभियंतापदही. हाताखाली गोरे कारागीर होते. पुढे १८४९ मध्ये अमेरिकाही पाहून आले.

भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत मात्र १८५१ घाला. त्या साली पाण्यात सोडलेल्या आगबोटीचा एकूण एक भाग आर्देशीरांनी घराला लागून असलेल्या स्वतःच्या ओतशाळेत केला. इंजिनाचा सिलिंडर ओतायचा तर वितळलेल्या लोखंडाच्या रसात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आतली भिंत कोरताना भोक उघडं पडतं आणि अख्खं ओतकाम भंगारात जातं. कोरलेला गोल जरा लंबुळका झाला की पिस्टनच्या कडेने वाफ निसटते. बॉयलरचं तर विचारूच नका. त्या काळी समुद्राचंच पाणी बॉयलरला पाजत. टनाला सुमारे ३५ किलो क्षार! पाणी उकळून आटतं, मीठ मागे राहतं, त्याची पुटं पत्र्यावर चढतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा तापून फुगतो. म्हणून बॉयलरमधलं खारट झालेलं पाणी अधूनमधून सोडून ताजं घ्यायचं. फार सोडलं तर कोळसा वाया, कमी सोडलं तर बॉयलर गेला. आणि या आगबोटीचं नाव? ‘लवजी फॅमिली’. अठरा वर्षांपूर्वी इंजिन बाहेरून आणणाऱ्याने स्वतःच्या हाताखाली घडवलेल्या बोटीवर सागवाल्या पूर्वजाचं नाव घातलं. वारशाचा अभिमान म्हणतात तो हा. भाषणं लागत नाहीत.

‘भारताचा जेम्स वॉट’ वगैरे लिहू नका, कृपा करा. ‘नुसती जोडणी’ म्हणणाऱ्या कुणाला मुंबईत बसून एक सिलिंडर कोरून दाखवायला सांगा, मग बोलू.

हो, एक राहिलं. पगार ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि शेवटची वर्षं इंग्लंडमध्ये रिचमंडला गेली. १८७७ मध्ये तिथेच वारले. त्यामुळे त्यांना स्वातंत्र्यवीरही करू नका. चित्र हवं असेल तर १९६९ च्या टपाल तिकिटावर आहे.